बेनिताचा परवाना

आदेलिनो रापोझो यांनी एका जिवाणूला कुत्र्याचा परवाना दिला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते. अमेरिकेतल्या आमच्या टिल्सबरी गावात ही गोष्ट निघाली की लोक अजूनही पोट धरून हसतात, आणि त्या माणसाने नगरपालिकेची मस्त फिरकी घेतली असं समजतात. मी त्या काळात नगरपालिकेच्या तळघरात परवान्यांच्या खिडकीवर बसायचे. परवान्याचा बिल्ला माझ्याच खणातून गेला. फिरकी घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

ते आमच्या गावातले कुत्री पकडणारे. कागदावर हुद्दा 'प्राणी अधिकारी' असा होता, पण हुद्द्याने त्यांना कुणीच ओळखत नसे. पोर्तुगालच्या साऊ मिगेल बेटावरून ते विशीत इकडे आले, माझे आईवडील आले त्याच सुमाराला. बेटावरच्या सगळ्यांसारखं त्यांनीही काही वर्षं सॉसेजच्या कारखान्यात मांस दळलं, आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून नगरपालिकेत लागले. त्यांना फास क्वचितच लागायचा. ते कुत्र्यापासून चार हात अंतरावर उकिडवे बसायचे आणि पोर्तुगीजमध्ये हळू आवाजात त्याची चौकशी करायचे. कुठून आलास, जेवलास का, घरचे काय म्हणत असतील. आयरिश नाहीतर इटालियन घरात वाढलेलं ते कुत्रं, त्यातलं अक्षरही न कळता, उठून गाडीत जाऊन बसायचं.

नियमाच्या बाबतीत मात्र ते फार कडक. एका पुतणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी उडवायला म्हणून पांढरी कबुतरं आणली होती. आदेलिनोंनी चर्चच्या पायऱ्यांवर, नवरी आत जायच्या आधीच, विनापरवाना पक्षी बाळगल्याची पावती फाडली. मग स्वतःच पिंजरा उघडून कबुतरं उडवून दिली, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. त्यांची बायको ओदिलिया त्यानंतर कितीतरी महिने नातेवाइकांकडे एकटीच जायची. आदेलिनोंना त्यात काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावात एकच विषय होता. टेकडीवरच्या कॉलेजला त्यांच्या जुन्या विटांच्या इमारतीत जनुकांची प्रयोगशाळा काढायची होती. एका प्राण्याचं जनुक कापायचं, जिवाणूत घालायचं आणि त्याच्याकडून नकला काढून घ्यायच्या, असं काहीतरी तिथे चालणार होतं. नदीपलीकडे बॉस्टनच्या बाजूलाही तेव्हा हाच वाद पेटला होता, त्यामुळे आपलंही काहीतरी मत असलं पाहिजे असं आमच्या गावाला वाटू लागलं. मासळीवाल्याचं म्हणणं होतं की आता गटारातून काहीतरी केसाळ निघणार. नगरपालिकेच्या सभेला माणूस मावेना. एका म्हाताऱ्या बाईंनी उभं राहून विचारलं की हे लोक तिच्या स्वर्गवासी नवऱ्याची नक्कल काढू शकतात का, आणि काढणार असतील तर आधी तिला विचारणार आहेत ना.

आमच्या वॉर्डाचे नगरसेवक कॉर्नेलियस डोरगन. त्यांचा धंदा अंत्यविधीचा. गावातली निम्मी माणसं त्यांच्या काळ्या गाडीतून शेवटच्या प्रवासाला गेली. त्यांना त्या हिवाळ्यापूर्वी महापौर व्हायचं होतं. प्रयोगशाळेवर बंदी घातली असती तर कॉलेज रागावलं असतं, आणि मोकळं सोडलं असतं तर गाव. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. प्राण्यांच्या जुन्या नियमात एक वाक्य घालायचं: शहराच्या हद्दीत ठेवलेल्या प्रत्येक नव्याने घडवलेल्या सजीवाची प्राणी अधिकाऱ्याकडे नोंद व्हावी, आणि त्याला कुत्र्याप्रमाणेच परवाना व बिल्ला असावा. सभागृहाच्या खिडक्या रंगाने चिकटलेल्या, आत भट्टीसारखं तापलेलं, आणि जेवायची वेळ झालेली. वाक्य एकमताने मंजूर झालं. ऐकायला कडक आणि करायला काही नाही, असं ते वाक्य होतं. प्राणी अधिकारी कोण आहे, हे मात्र डोरगन विसरले.

पुढच्याच सोमवारी आदेलिनो इस्त्रीचा गणवेश घालून माझ्या खिडकीवर आले. त्यांचं इंग्रजी बोलणं चांगलं होतं, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे, म्हणून मला सोबत चल म्हणाले. त्यांनी पकडायची काठी घेतली, मी बिल्ल्यांचा डबा घेतला, आणि आम्ही कुत्र्यांच्या गाडीतून टेकडी चढलो.

प्रयोगशाळा डॉक्टर हॅरिएट लिंडक्विस्ट यांची होती. मिनेसोटाच्या उंच, हाडकुळ्या बाई. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल शोधण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा. काठी घेऊन आलेला गणवेशातला माणूस बघून त्यांना वाटलं, सहकाऱ्यांनीच चेष्टेसाठी पाठवलाय. त्या आमच्या मागे दाराआड कोण हसतंय ते बघून आल्या. तिथे कुणीच नव्हतं. तेव्हा त्यांनी आम्हाला स्टुलं दिली.

आदेलिनोंनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि इथे नक्की काय केलं जातं ते सांगा म्हणाले. बाईंनी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात, आपला डीएनएचा धागा त्यांच्यात घुसवतात. तर काही जिवाणूंकडे त्यासाठी कात्री असते. ती घुसलेला धागा ठरावीक अक्षरांच्या जागीच कापते, भलतीकडे नाही. शास्त्रज्ञांनी ती कात्री जिवाणूंकडून काढून घेतली. जिवाणूच्या पोटात डीएनएची एक लहानशी बांगडी असते. त्या कात्रीने ती बांगडी एका जागी कापायची आणि त्याच कात्रीने सशाचा धागाही कापायचा. एकाच कात्रीने कापलेली टोकं एकमेकांना बरोबर बसतात. मग डिंक लावायचा, तोही जिवाणूंकडचाच. सशाचा तुकडा मध्ये घालून बांगडी पुन्हा बंद झाली की जिवाणूंना बर्फात ठेवायचं आणि एकदम कोमट पाण्याचा चटका द्यायचा. त्या दचक्यात थोडे जिवाणू बांगडी गिळतात. पुढे जिवाणू दुभंगत जातो, एकाचे दोन, दोनाचे चार, आणि दर वेळी बांगडीचीही नक्कल निघते.

आदेलिनो म्हणाले, "म्हणजे कात्री त्यांची, डिंक त्यांचा, आणि नकला काढायचं कामही त्यांचंच."

"हो."

"मग तुम्ही काय करता, डॉक्टरबाई?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "वाट बघतो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

त्यांच्याकडे तेव्हा सशाच्या रक्तातलं एक जनुक होतं. हे ऐकून आदेलिनो सावध झाले, कारण सशांचा नियम वेगळा आहे. प्रत्येक सशाला अंग ताणून वळता येईल एवढी जागा लागते. ते सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत बसले. शेवटी मान वर करून म्हणाले की वळता येतंय. बाईंनी समजावलं की यांच्यात अख्खा ससा नाही, सशाचं एक वाक्य आहे फक्त, रक्त लाल कसं करायचं त्याबद्दलचं. आदेलिनोंनी पुन्हा डोळा लावला आणि लाल काही दिसत नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, त्यांना ते वाक्य वाचता येत नाही. न वाचता नुसती नक्कल काढतात. मला ते चटकन समजलं. मी लग्न झाल्यापासून त्या खिडकीवर तेच करत होते.

मग आदेलिनोंनी विचारलं, एकूण संख्या किती. बाईंनी ऊबपेटीतून एक काचेचा चंबू काढला. आत पातळ पेजेसारखं गढूळ पाणी होतं. त्या म्हणाल्या, पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत त्याहून जास्त यात आहेत, आणि आपण बोलतोय तोवर हे जिवाणू दुप्पट झाले असतील. आदेलिनोंनी माझ्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग ते मला पोर्तुगीजमध्ये म्हणाले की आपल्याला आणखी एक फेरी मारावी लागेल.

नगरपालिकेच्या वकिलांना हे कळलं तेव्हा ते दार बंद करून एकटेच बसले. दुपारी बाहेर आले ते एकदम खूश होते. नियमाप्रमाणे सहा महिन्यांखालच्या पिल्लाला परवाना लागत नाही. हा जिवाणू तर अर्ध्या तासाच्या आतच दुभंगून नवा होतो. म्हणजे त्या चंबूतली सगळीच पिल्लं, आणि कायमची पिल्लं. वकिलांनी माझ्यासमोर हात झटकले. आदेलिनो दोन पानं पुढे गेले आणि खालचं कलम दाखवलं: पिल्लाला सूट आहे, पण त्याच्या आईला परवाना असेल तरच. वकील परत आत गेले.

मग आई शोधायची वेळ आली. डॉक्टर लिंडक्विस्टना आता या प्रकरणात रस वाटू लागला होता. मला वाटतं, प्रयोगशाळेबाहेरच्या कुणीतरी तिथल्या गोष्टीत इतकं डोकं घातलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी सांगितलं की आई सापडण्यासारखी आहे. बांगडीवर आणखी एक गुण असतो, एका औषधाने न मरण्याचा. बशीत ते औषध घालून जिवाणू पसरले की बांगडी न गिळलेले सगळे मरतात. जे वाचतात ते जिथल्या तिथे वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एकाच जिवाणूचा सगळा गोतावळा.

"मग त्या ठिपक्यात आई कुठली?" आदेलिनोंनी विचारलं.

बाई म्हणाल्या, तेच तर सांगता येत नाही. ती दुभंगली तेव्हा दोन्ही अर्धी सारखीच होती. मेलं कुणीच नाही, पण आईसुद्धा राहिली नाही.

या उत्तराने आदेलिनोंना फार त्रास झाला. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर त्यांनी आमच्या पाद्रींना गाठून विचारलं की एखादी आई मेली नाही आणि उरलीही नाही, तर ती कुठे असते. पाद्रींनी कोण वारलं म्हणून हळहळून विचारलं. सगळं ऐकल्यावर म्हणाले की हा प्रश्न कृपा करून प्रवचनाच्या वेळी विचारू नका.

मंगळवारी आदेलिनो निर्णय घेऊन आले. आई म्हणजे सगळ्याच. एक ठिपका, एक जीव, एक परवाना. तो जीव कितीही पसरला तरी तोच. डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणाल्या की अगदी बरोबर, आम्हीही तसंच मानतो. मग फॉर्म भरायला घेतला.

नाव? बाईंनी अक्षरं आणि आकडे असलेलं काहीतरी सांगितलं. आदेलिनो म्हणाले, ते नाव नव्हे. हाक मारल्यावर ओ देईल असं नाव पाहिजे. बाई म्हणाल्या, ही कशालाच ओ देत नाही. आदेलिनो म्हणाले की गावातली निम्मी कुत्रीही देत नाहीत, तरी त्यांना नावं आहेत. सरकारी नियमामुळे हे जिवाणू मुद्दाम नाजूक वाढवलेले असत. त्यांना खास खाणं लागे, ऊन सोसत नसे, साबणाच्या नुसत्या वासाने जीव सोडत, आणि घराबाहेर पडले की संपले. हे ऐकून आदेलिनोंना आपली बेटावरची थोरली आत्या आठवली, आणि जिवाणूचं नाव बेनिता पडलं.

जात: मिश्र. रंग: पांढुरका. रेबीजची लस दिली आहे का? इथे ते खूप अडले. शेवटी त्यांनी मला लिहायला सांगितलं: टोचायला जागा नाही. नसबंदी झाली आहे का, या रकान्यापाशी डॉक्टर लिंडक्विस्ट टेबलाला धरून खाली फरशीवर बसल्या आणि डोळे पुसत नाही म्हणाल्या. नसबंदी न झालेल्यांचा दर जास्त असतो. तो कॉलेजने भरला. आदेलिनोंनी बिल्ला तारेने चंबूच्या गळ्यात बांधला, ताण देऊन पाहिला, आणि तार काचेला फार घट्ट तर होत नाही ना, म्हणून एक बोट आत घालून बघितलं. कुत्र्याच्या पट्ट्यालाही ते तसंच बघायचे.

एवढ्यावर सगळं निभलं असतं, पण निवडणूक जवळ आली. डोरगनना वर्तमानपत्रात फोटो हवा होता: आपण केलेल्या कायद्याची स्वतः पाहणी करणारे नगरसेवक. ते राखाडी सूट घालून फोटोग्राफरसकट प्रयोगशाळेत आले. नियमानुसार आदेलिनोही हजर होते, आणि मीही. बाईंनी लांबून बघा म्हणून दोनदा बजावलं. पण बिल्ला दिसायला हवा असं फोटोग्राफरचं म्हणणं, म्हणून डोरगननी बारशातल्या बाळासारखा तो चंबू दोन्ही हातांवर घेतला. काच ओली होती. चंबू निसटला, टेबलाच्या कडेवर आपटला, आणि डोरगन यांच्या पँटवर मांड्यांपासून घोट्यांपर्यंत बेनिता सांडली.

बाईंनी शांतपणे त्यांना आहात तिथेच उभे राहा म्हणून सांगितलं आणि फरशीवर टाकायला जंतुनाशक आणायला वळल्या. डोरगन उभे राहिले नाहीत. ते जिन्यावरून धडाधड खाली गेले आणि आवारातल्या हिरवळीवर, ओली पँट दोन बोटांनी अंगापासून दूर धरून, कुठे जायचं ते न कळून गोल गोल फिरू लागले. विद्यार्थी खिडक्यांत जमले. आदेलिनो काठी घेऊन मागोमाग उतरले. थोडा वेळ ते डोरगनच्या मागे चालले, मग त्यांनी काठी गवतावर ठेवली, चार हात अंतरावर उकिडवे बसले आणि खालच्या आवाजात बोलू लागले. मी जवळ होते, मला ऐकू येत होतं. कुठून आलास बाबा, जेवलास का, घरचे काय म्हणत असतील.

डोरगन थांबले. पुढे कितीतरी वर्षांनी ते मला म्हणाले की एक शब्द कळला नाही, पण आता गाडीत जाऊन बसावं असं वाटलं. आणि ते खरोखरच जाऊन बसले, कुत्र्यांच्या गाडीत, मागच्या बाजूला. फोटोग्राफरला हवा होता त्याहून चांगला फोटो मिळाला.

सुटलेला प्राणी कोंडवाड्यात जातो, असा नियम आहे. आदेलिनोंनी डोरगनना आपली जादाची गणवेशाची पँट दिली आणि त्यांची राखाडी पँट कोंडवाड्यात, एक बीगल आणि एक बॉक्सर यांच्या मधल्या पिंजऱ्यात, दोरीवर टांगून कुलूप लावलं. पाण्याची वाटीही ठेवली. आदेलिनो बुटके, त्यांची पँट डोरगनच्या पोटऱ्यांपर्यंतच आली. डोरगन माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर येऊन बसले.

"रापोझो, माझी पँट दे," ते म्हणाले. "चार वाजता मला अंत्यविधी आहे."

"पँट तुमचीच आहे, साहेब. पण बेनिता कॉलेजची आहे. मालकाने येऊन तिला वेगळं करून नेलं की तुमचं तुम्ही घेऊन जा."

"तिला पँटपासून वेगळं कसं करणार?"

"ते मालकाने बघायचं."

चार वाजताचा अंत्यविधी डोरगननी कुत्री पकडणाऱ्याच्या पँटीतच उरकला. शवपेटीच्या पुढे चालताना त्यांचे काळे मोजे पुरे दिसत होते. विधवेने नंतर त्यांचा हात धरून सांगितलं की इतका साधेपणा आजकाल बघायला मिळत नाही.

डॉक्टर लिंडक्विस्ट संध्याकाळच्या आत कोंडवाड्यावर आल्या. बीगल त्यांच्यावर भुंकत होता आणि त्या पिंजऱ्यात उकिडव्या बसून कापसाच्या काड्या पँटवर ठिकठिकाणी फिरवत होत्या. काही बशा औषधाच्या होत्या, काही साध्या. दुसऱ्या दिवशी त्या बशा घेऊन माझ्या खिडकीपाशी आल्या; डोरगनही तिथेच येऊन ताटकळत होते. औषधाच्या बशीवर एकही ठिपका नव्हता. बेनिता मेली होती, बहुतेक हिरवळीवरच, उन्हाने. पण साध्या बशीवर ठिपक्यांची दाटी झाली होती. डोरगनना वाटलं, हेच ते. बाईंनी जपून शब्द निवडत सांगितलं की नाही, हे तुमचेच आहेत. बेनिताचे रानटी भाऊबंद. प्रत्येकाच्या आतड्यात असतात, आणि पँटच्या मागच्या बाजूला थोडेफार सापडणं काही विशेष नाही.

आदेलिनोंनी डोरगनच्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, मग मला वाटतं माझ्याही.

"हे नव्याने घडवलेले आहेत का, डॉक्टरबाई?"

"नाही. फार जुने आहेत. माणसांच्याही आधीचे."

"मग परवाना लागत नाही," असं म्हणून त्यांनी कुलूप काढायला किल्ली घेतली. त्यानंतर कॉलेजला प्राणी मोकळा सोडल्याची पावती गेली, आणि दफ्तरात त्या चंबूपुरती बेनिता मृत अशी नोंद झाली. बाईंच्या शीतपेटीत तिचा उरलेला भाग गोठून होता, म्हणून परवाना चालूच राहिला.

डोरगन पडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते निवडून आले. कुत्र्यांच्या गाडीतल्या त्या फोटोमुळे लोकांना ते पहिल्यांदाच आपल्यातले वाटले. महापौर झाल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी परवान्याचं ते वाक्य नियमातून काढून टाकलं, कुणी चर्चाही केली नाही. आदेलिनोंना मी बातमी दिली तेव्हा ते बरं म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडी धूत बसले.

पण शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते टेकडीवर गेले. पुढच्या शुक्रवारीही. कुणी विचारलं तर सांगायचे की कॉलेजच्या बाजूला एक भटकं कुत्रं दिसलंय. ओदिलियाने केलेला गोड पाव ते सोबत न्यायचे. आत खायला बंदी होती, म्हणून ते आणि डॉक्टरबाई जिन्यात बसून खायचे. तिथे ते विचारायचे की या आठवड्यात काय केलं, काय बिघडलं, काय निसटू शकतं, निसटलं तर कुठे जाईल. बाई उत्तरं द्यायच्या. काही प्रश्नांना त्या म्हणायच्या, माहीत नाही, बघून सांगते, आणि पुढच्या शुक्रवारी बघून सांगायच्या.

एका वसंतात बाईंनी त्यांना विचारलं, स्वतः करून बघायचंय का. आदेलिनोंचे हात मोठे, बोटांवर कुत्र्यांच्या दातांचे जुने व्रण. ती बारीक काचेची नळी त्यांच्या हातात काडीसारखी दिसायची. त्यांनी कापलं, डिंक घातला, बर्फात ठेवलं, चटका दिला. बशी कोरी. पुन्हा केलं, पुन्हा कोरी. एकदा चटका देताना जिवाणू फार वेळ पाण्यात राहिले, कारण त्या उबेतून त्यांना बाहेर ओढून काढणं आदेलिनोंच्या जिवावर आलं. ईस्टरच्या आठवड्यात त्यांनी ऊबपेटी उघडली तर बशीच्या एका बाजूला पाच-सहा ठिपके होते, मोहरीएवढे. बाई सांगतात की ते बशी हातात धरून स्टुलावर बसले आणि त्यांनी टोपी काढली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी काही कागद द्यायला गेले होते. ओदिलिया कोबीच्या हिरव्या सूपमध्ये सॉसेज चिरून टाकत होती. आदेलिनो तिच्या मागे उभे राहून तिला सांगत होते की आज मी एक जीव घडवला.

"काय करतो तो?" तिने मागे न बघता विचारलं.

"करत काही नाही. खातो, आणि एका जागी बसून पसरतो."

"मग माझ्या भावाचं नाव दे त्याला, माणसा. आणि बाजूला हो, सूप उडेल."

त्यांनी खरंच ते नाव दिलं. बाईंच्या शीतपेटीत बेनिताशेजारी एक छोटी नळी होती, तिच्यावर पेन्सिलने 'व्हिर्जिलिओ' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ओदिलियाच्या भावाला हे अजून माहीत नाही.

आदेलिनो निवृत्त झाले, त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका हिवाळ्यात, अंगणातला बर्फ काढता काढता गेले. शेवटचा प्रवास डोरगनच्याच गाडीतून झाला, आणि डोरगननी त्याचं काही घेतलं नाही. चर्चमध्ये डॉक्टर लिंडक्विस्ट अगदी मागच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांचं नाव तोवर मोठं झालं होतं, कॅलिफोर्नियातून विमानाने आल्या होत्या. विधी कळेना, पोर्तुगीज कळेना, कधी उठायचं कधी गुडघे टेकायचे ते माझ्याकडे बघून करत होत्या.

नंतर घरी सगळे जेवायला जमले. ओदिलियाने बाईंना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि पुढ्यात गोड पाव ठेवला. मग तिने असं काही विचारलं, जे तिने नवऱ्याला कधी विचारलं नव्हतं. तिचं इंग्रजी तोकडं, म्हणून मी मध्ये बसून सांगत होते. तिला विचारायचं होतं की त्या गोष्टी खरंच धोक्याच्या होत्या का, की तिचा माणूस उगाच धावपळ करत होता.

बाईंनी पावाचा तुकडा खाली ठेवला.

"तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "गाव घाबरून ओरडत होतं, आणि आम्ही घाबरलो नाही असं दाखवत होतो. विचारायला फक्त तेच आले."

मी ते ओदिलियाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि बाईंच्या ताटलीत आणखी एक जाड तुकडा वाढला.